आधी गळका कंडेन्सर, मग बाकीचं

व्हॉल्व्हच्या रेडिओंबद्दल या वेळी आलेली पत्रं बहुतेक एकाच तक्रारीची आहेत. सेट चालतो, पण आवाज मनासारखा येत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या माझ्या दुकानात असे सेट मी अनेक वर्षं उघडत आलो आहे, आणि माझं मत पक्कं आहे : रेडिओत नवीन काही घालण्याआधी त्यातलं काय बिघडलंय ते शोधा. ‘जुन्या रेडिओचा घोगरा, भरदार आवाज’ म्हणून ज्याचं कौतुक होतं तो पुष्कळदा निव्वळ बिघाड असतो. हे सेट नवे होते तेव्हा ते घोगरे वाजत नव्हते.

प्रश्न : आजोबांचा रिमलॉक व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. व्हॉल्व्हवर ईसीएच ४२, ईएफ ४१, ईबीसी ४१, ईएल ४१ आणि एझेड ४१ असं लिहिलंय. लावल्यावर पाचदहा मिनिटं आवाज छान येतो, मग हळूहळू फाटायला लागतो. बातम्यांतले शब्दसुद्धा कळत नाहीत. इथल्या मेकॅनिकने आउटपुटचा व्हॉल्व्ह बदलला, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. आता स्पीकर बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : स्पीकरला हात लावू नका. तुमच्या पत्रातली ‘पाचदहा मिनिटं’ हीच सगळ्यात मोलाची खूण आहे.

ईबीसी ४१च्या प्लेटपासून (जिथून वाढलेला सिग्नल बाहेर पडतो) ईएल ४१ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (जिथे सिग्नल आत शिरतो) एक लहानसा कंडेन्सर जातो, बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा आणि प्लेटवरचा डीसी अडवायचा, एवढंच त्याचं काम. त्या काळचे मेणकागदाचे किंवा काळ्या डांबरी लेपाचे कंडेन्सर इतक्या वर्षांत ओल धरतात आणि डीसी गळायला लागतो. तापले की गळती वाढते. म्हणून थंड सेट गोड वाजतो आणि चॅसी, म्हणजे सेटचा धातूचा सांगाडा, तापली की आवाज फाटतो.

गळती किती असावी लागते? अगदी थोडी. समजा ५ मायक्रोअँपियर गळतोय आणि ग्रिडचा रेझिस्टन्स ६८० किलोओहमचा आहे. ग्रिडवर ३.४ व्होल्ट धन दाब उभा राहिला. ईएल ४१ची ग्रिड कॅथोडपेक्षा (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापेक्षा) साधारण ७ व्होल्ट ऋण ठेवायची असते. त्यासाठी कॅथोडखाली १७० ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि त्यातून प्लेट-स्क्रीन मिळून ४१ मिलिअँपियर जातात. त्या ७ व्होल्टांत बाहेरून ३.४ व्होल्टांनी ढवळाढवळ केली की व्हॉल्व्ह नको तितका करंट ओढतो, लाटेची एक बाजू चेपली जाते, आणि तुम्हाला फाटका आवाज ऐकू येतो. शिवाय व्हॉल्व्ह भाजून निघतो. नवा व्हॉल्व्ह काही दिवसच का टिकला त्याचं कारण हेच आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरही त्याच वाटेने जातो, आणि तो मिळणं व्हॉल्व्ह मिळण्यापेक्षा अवघड.

मोजायचं असं. सेट पंधरा मिनिटं तापू द्या. डिजिटल मीटरचं काळं टोक चॅसीला, लाल टोक ईएल ४१च्या ग्रिडला लावा. शून्य यायला हवं. दोनतीन व्होल्ट धन दिसले तर सेट बंद करून त्या कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि पुन्हा तापवून मोजा. आता शून्य आलं तर कंडेन्सर गळका. व्होल्टेज तरीही राहिलं तर व्हॉल्व्हमध्येच वायू शिरलाय. मग एकदा कॅथोडवर मोजा. ७ व्होल्टांच्या आसपास असेल तर व्हॉल्व्ह सुखात आहे. ११-१२ दिसले तर सेट तसाच चालू ठेवू नका.

हे करताना एक हात खिशात ठेवा. प्लेटवर अडीचशे व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते राहतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स काही सेकंद लावून ते रिकामे करा आणि मीटरने खात्री करूनच डाग द्यायला (सोल्डरिंगला) घ्या.

बदली कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनचा, ६३० व्होल्टचा लावा. महागड्या ‘ऑडिओ’ कंडेन्सरच्या मागे जाऊ नका, एवढ्याशा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून तो फरक ऐकू येत नाही. मेणकागदाचे बाकीचेही बदला. मात्र साठीच्या दशकातले मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कंडेन्सर दिसले तर ते राहू द्या, ते अजूनही उत्तम असतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटला लागलेला टोनचा कंडेन्सर विसरू नका. तो शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची गुंडाळी, जळते. तिथे किमान १००० व्होल्टचा हवा.

जाता जाता ईबीसी ४१च्या प्लेटचा रेझिस्टन्सही मोजा. २२० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टन्स वाढत वाढत ४०० वर गेलेला सापडतो, आणि तेवढ्यानेही आवाज चोंदतो.

प्रश्न : माझ्या सेटमध्ये सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. ३२ मायक्रोफॅरडच्या जागी २२० चे दोन कंडेन्सर लावले तर गुणगुण कायमची जाईल असं एकाने सांगितलं. लावू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नका लावू. रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या, व्हॉल्व्हला लागून जो पहिला कंडेन्सर असतो तो सेट सुरू होताना एकदम करंट ओढतो. ईझेड ८०साठी ही मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. २२० लावलात तर रेक्टिफायरचा कॅथोड मरेल. मूळचेच ३२ मायक्रोफॅरड ठेवा, ४५० व्होल्टचा नवा लावा. फिल्टर रेझिस्टन्सनंतरचा दुसरा थोडा वाढवायला हरकत नाही.

गुणगुणीचा सूरही ऐका. ट्रान्सफॉर्मरच्या, फुलवेव्ह (एसी लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरणाऱ्या) सेटमध्ये फिल्टर, म्हणजे हाच मोठा कंडेन्सर, वाळला तर ती १०० हर्ट्झची असते. सुराने त्याच्याही खालची, ५० हर्ट्झची असेल तर फिल्टरपेक्षा फिलामेंटची वायर, व्हॉल्व्हमधली हीटर-कॅथोड गळती किंवा व्हॉल्यूम कंट्रोलची सुटलेली जाळीदार वायर तपासा. आणि एका ठरावीक स्टेशनवरच गुणगुण येत असेल तर ती मेन्समधून शिरतेय. मेन्सच्या दोन वायरींमधला कागदाचा कंडेन्सर काढून तिथे मेन्ससाठीच बनवलेला, एक्स२ प्रतीचा लावा.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचा सेट ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीसी ८३, ईएल ८४ आणि ईझेड ८०चा. सगळे कंडेन्सर बदललेत, आवाज स्वच्छ येतो, पण बंद खोलीतून आल्यासारखा. टाळ-झांजा ऐकूच येत नाहीत. मिडियम वेव्हचा आवाज एवढाच असतो का? फीडबॅक लावून उपयोग होईल?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तू आधी दुरुस्ती पुरी केलीस आणि मग सुधारणेचं विचारलंस, हा क्रम मला फार आवडला. आता तुझ्याशी सविस्तर बोलता येईल.

आपल्याकडे मिडियम वेव्हवर स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झवर बसवलेली आहेत. पुणे केंद्र ७९२ वर, तर शेजारची जागा ७८३ आणि ८०१. कॅरियरच्या, म्हणजे स्टेशनच्या मूळ लाटेच्या, दोन्ही बाजूंना आवाजाच्या पट्ट्या पसरतात आणि शेजाऱ्याला न अडखळता जेवढं मिळेल तेवढं साधारण साडेचार किलोहर्ट्झ. पण सेट बनवणाऱ्याला काळजी होती रात्रीच्या गर्दीची. म्हणून ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफटी (हवं ते स्टेशन निवडून घेणारे, कॉइलच्या जोडीचे ट्रान्सफॉर्मर) त्याने अरुंद ठेवल्या, आणि नंतर प्रत्येक मेकॅनिकने त्या जास्तीत जास्त जोरावर जुळवून आणखी अरुंद केल्या. तीन किलोहर्ट्झच्या वरचं त्यातून फारसं निघतच नाही. झांजांचा नाद तर सोड, ‘स’ आणि ‘श’ यांचा फरकही त्याच्या वर राहतो. जे आयएफमध्येच अडलं ते पुढे कितीही चांगला ॲम्प्लिफायर लावला तरी परत येत नाही. आधी इथे काम कर.

पहिल्या आयएफटीच्या सेकंडरी कॉइलला समांतर एक रेझिस्टन्स लाव. २२० किलोओहमपासून सुरू कर आणि १०० पर्यंत उतरत जा. कॉइलची धार बोथट होते, पट्टा रुंदावतो, वरचे सूर मोकळे होतात. सेटची ओढ थोडी कमी होईल, पण सांगलीचं १२५१ तुला जवळ आहे, तिथे ती कमतरता एव्हीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था, भरून काढेल. हा रेझिस्टन्स एका छोट्या स्विचवर घे, आयएफटीच्या अगदी जवळ. दिवसा लावायचा, सूर्य मावळला की काढायचा. दिवसा वातावरणातला डी थर मिडियम वेव्ह गिळतो, म्हणून जवळचंच तेवढं येतं. रात्री तो थर विरतो आणि शेकडो मैलांवरची स्टेशनं येऊन शेजारी बसतात. तेव्हा रुंद पट्टा म्हणजे शिट्ट्या आणि खिचडी.

एक सवय मात्र मोड, ती बहुतेक सगळ्यांना असते. वरचे सूर मिळावेत म्हणून सुई स्टेशनच्या जरा बाजूला ठेवायची. तिखटपणा येतो खरा, पण एक बाजूची पट्टी दाबली जाते, दुसरी राहते, आणि डायोडवर आवाज विकृत होतो. तुझ्या सेटला हिरवा डोळा (ट्यूनिंग दाखवणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो जिथे सगळ्यात जास्त मिटतो तिथेच सुई.

आता डिटेक्टर, म्हणजे लाटेतून आवाज वेगळा काढणारा डायोड. याकडे कुणी बघत नाही म्हणून मी मुद्दाम वेळ घेतो. डायोडचा डीसी लोड म्हणजे तुझा व्हॉल्यूम कंट्रोल, समज ५०० किलोओहम. पण आवाजाच्या लाटेला, व्हॉल्यूम पूर्ण वर असताना, पुढच्या ट्रायोडचा (ईसीसी ८३चा) ग्रिड रेझिस्टन्सही समांतर दिसतो. तो १ मेगओहम असेल तर दोन्ही मिळून ३३३ किलोओहम झाले. दोहोंचं गुणोत्तर ०.६७. याचा अर्थ स्टेशनचं मॉड्युलेशन (आवाजाने लाट किती हलते ते प्रमाण) ६७ टक्क्यांच्या वर गेलं की लाटेचं खालचं टोक कापलं जातं, आणि केंद्रं तर शंभराच्या जवळ जातात. गायिकेने तान घेतली की चर्र होतं ते बरेचदा इथे. ग्रिड रेझिस्टन्स १० मेगओहमचा केला, त्या ट्रायोडचा कॅथोड सरळ चॅसीला टेकवला, की गुणोत्तर ०.९५ होतं. एव्हीसीची वायर त्याच डायोडवरून घेतली असेल तर तिचा १ मेगओहमही असाच भार टाकतो. ईबीएफ ८९मध्ये दोन डायोड आहेत. दुसरा एव्हीसीसाठी वेगळा वापर, ५० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून शेवटच्या आयएफटीच्या प्रायमरीवरून. चांगल्या सेटमध्ये तसंच करत असत.

मग फीडबॅक, म्हणजे बाहेर आलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा मागे आणणं. हो, उपयोग होतो. कॅथोड चॅसीला टेकवला म्हणालो, तिथे मध्ये १०० ओहम घाल आणि स्पीकरच्या सेकंडरीवरून ४.७ किलोओहममधून त्या कॅथोडवर आण. सेकंडरीचं दुसरं टोक चॅसीला हवं. साधारण ६ डेसिबल फीडबॅक मिळेल. गेन निम्मा, विकृती जवळजवळ निम्मी, आणि स्पीकरचा खर्ज आवरलेला. लावल्यावर सेट किंचाळला किंवा आवाज उलट वाढला तर सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल कर. याच्या दुप्पट फीडबॅकचा मोह धरू नकोस. रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर ते सोसत नाही, सेट कानाला न कळता वरच्या फ्रीक्वेन्सीवर थरथरू लागतो.

तपासणीसाठी तंबोऱ्यावरचं गाणं लाव. जवारी मोकळी आणि गाणाऱ्याच्या आवाजाखाली न थरथरता ऐकू आली तर काम जमलं.

प्रश्न : यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असा लहान बेकलाइटचा सेट घेतला. नॉबच्या स्क्रूला बोट लागलं की झटका बसतो आणि आवाजही भरभरा येतो. तीन पिनांचा प्लग लावून चॅसीला अर्थिंग करून टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही! कृपया आज तो सेट भिंतीच्या प्लगमधून काढा.

हा एसी-डीसी सेट आहे. यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, मेन्सची एक वायर थेट चॅसीला जाते. प्लग उलटा बसला तर चॅसीवर फेज येते. तिला अर्थ जोडलंत तर फेज आणि अर्थ सरळ शॉर्ट. अशा सेटसाठी एकच रस्ता मला मान्य आहे : २३० ला २३० व्होल्टचा, साठ ते शंभर व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दुरुस्तीपुरता नाही, ऐकतानाही. नॉबच्या स्क्रूची भोकं मेणाने भरा. मागची पाठ लावल्याशिवाय सेट वापरू नका. एरियलच्या वाटेवरचा जुना कंडेन्सर काढून सुरक्षेसाठीच बनवलेला, वाय प्रतीचा लावून घ्या, नाहीतर एरियलची वायरही जिवंत असते.

आवाजाचं बघायचं तर व्हॉल्व्हच्या फिलामेंट एकामागे एक आहेत : १९, १९, ५० आणि ३८, बेरीज १२६ व्होल्ट. उरलेले १०४ व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्स खातो, ०.१ अँपियरला १०४० ओहम, दहा वॅटपेक्षा जास्त उष्णता. ड्रॉपर बदलायचा तर वीस वॅटचा. यात रेक्टिफायर हाफवेव्ह (लाटेचा एकच अर्धा भाग वापरणारा) आहे, गुणगुण ५० हर्ट्झची येते आणि फिल्टर वाळला की भरभर जास्त ऐकू येते. फिल्टर बदला आणि आधी सांगितलेला ग्रिडचा कंडेन्सर बघा. एवढ्याशा डब्यातून आणि चारपाच इंची स्पीकरमधून खर्जाची अपेक्षा धरू नका, बोलणं मात्र सुरेख ऐकू येईल.

प्रश्न : आमच्याकडे दमट हवेने स्पीकरचा कागद दोन ठिकाणी फाटलाय, जाळीचं कापडही कुजलंय. आठ ओहमचा नवा स्पीकर लावला तर चालेल ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जुना वाचवता आला तर वाचवा. त्या काळचे हलक्या कागदाचे स्पीकर दोन वॅटमध्ये खोली भरून टाकतात. आजचे मोटारीतले, रबरी काठाचे स्पीकर तेवढ्या ताकदीत कुजबुजतात. टिश्यू पेपरचे छोटे तुकडे पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलने चिरेवर दोन्ही बाजूंनी लावा, रात्रभर वाळू द्या. जाड लेप नको, कागद जड होतो. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच आत दाबून पाहा. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल घासतेय, गंज किंवा धूळ आत गेलीये, आणि ते काम जाणत्या माणसाकडे द्या.

बदलणं भागच असेल तर मोठ्या व्यासाचा, कागदी काठाचा घ्या, आणि ओहम जुळवा. या सेटचे ट्रान्सफॉर्मर बहुधा ४-५ ओहमसाठी गुंडाळलेले असतात. आठ ओहम लावलात तर ईएल ८४ला ५.२ किलोओहमऐवजी आठ-दहा किलोओहम दिसतात, ताकद घटते, विकृती वाढते. आणि स्पीकर सोडवून सेट कधीही चालू करू नका. भार नसला की प्रायमरीवर दाब उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर ठिणगी पडून जातो.

कापड विरळ विणीचं निवडा. तोंडाशी धरून फुंकर आरपार गेली पाहिजे. जाड, रंगवलेलं सोफ्याचं कापड लावलेले सेट येतात, त्यांचे वरचे सूर तिथेच मरतात. पाठीला भोकं आहेत ती बुजवू नका. सेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

प्रश्न : दुपारीसुद्धा मुंबई केंद्राच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झवर नुसती खरखर. सेट तर दुरुस्त करून घेतलाय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरखर सेटमध्ये नाही, घरात आहे. सेलवरचा ट्रान्झिस्टर घ्या, १०४४ लावा आणि घरभर फिरा. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, राउटरचा ॲडॅप्टर, इन्व्हर्टर, ज्याच्याजवळ आवाज चढेल तो गुन्हेगार. चार्जर बदलून पाहा. सेटमागे गुंडाळून ठेवलेली एरियल सोडवून वीसतीस फूट वायर गॅलरीबाहेर ताणा. घरातली जाळीदार पट्टीची एरियल पूर्वी पुरायची, कारण तेव्हा घरात एवढी इलेक्ट्रॉनिक्स नव्हती. पाऊस-विजेच्या दिवसांत ती वायर सेटपासून काढून ठेवा.

प्रश्न : वडिलांचा सेट पुण्याहून न्यू जर्सीला आणलाय. तो इथे लावता येईल का? आणि त्यात ब्लूटूथ बसवून जुनी नाट्यगीतं ऐकायची इच्छा आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सेट मेन्स ट्रान्सफॉर्मरचा असेल तर मागे व्होल्टेजची निवड असते. ती १२७ वर असेल तर तशीच वापरा, नुसती ११० असेल तर तिथल्या ११७-१२० व्होल्टला फिलामेंट जरा जास्त तापतील, मधे मोठ्या वॅटचा छोटा रेझिस्टन्स घालून घ्या. ६० हर्ट्झने बिघडत नाही. (भारतातल्या वाचकांनीही बघावं, २२० वर लावलेला सेट आजच्या २३०-२४० व्होल्टला जाच सोसत असतो. २४५ची जागा असेल तर तिथे न्या.) तिथे स्टेशनं १०-१० किलोहर्ट्झवर आहेत, म्हणून शेजारच्या स्टेशनांच्या टकरीतून येणारी शिट्टीही १० किलोहर्ट्झची. आपल्या आयएफटीमधून ती ऐकू यायची नाही.

ब्लूटूथसाठी सेट कापू नका. मागे ‘पिकअप’ची दोन भोकं असतील, ती ग्रामोफोनसाठी दिलेली आहेत. ब्लूटूथ रिसीव्हरच्या डाव्या आणि उजव्या वायरीत एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स घालून त्या एकत्र करा, जाळीदार वायरने पिकअपला जोडा. या वाटेने गाणं आयएफच्या अरुंद पट्ट्यातून जात नाही. ईएल ८४, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर काय देऊ शकतात ते तुम्हाला पहिल्यांदा पुरतं ऐकू येईल. मात्र एसी-डीसी सेट असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय पिकअपला काहीही जोडू नका.